घर बदललं, ड्रायव्हिंग लायसन्सवरचा पत्ता मात्र बदलेना: अर्ज पुन्हा पुन्हा का अडकतो

अर्ज भरला, पैसे गेले, आठवडा उलटला आणि मोबाईलवर मेसेज आला: अर्ज नामंजूर. पुन्हा भरला, पुन्हा तेच. मग चौकात कुणीतरी सांगतं, "एजंटला देऊन टाक, तो करून देईल," आणि घरबसल्या होणाऱ्या कामाला कितीतरी पट पैसे मोजून माणूस मोकळा होतो. मोकळा होतो तेही काही दिवसच. एजंटकडे गेलं तरी कागद तेच असतात, आणि कागदांत खोट असेल तर तोही अर्ज अडकतो.

माझी नोकरी बदलीची. शिरपूरहून जळगावला आलो तेव्हा लायसन्सवरचा पत्ता बदलायला मला तीन अर्ज करावे लागले. पहिले दोन नामंजूर झाले ते माझ्याच चुकीने, आणि त्या चुका इतक्या सरळ होत्या की आधी कुणी सांगितलं असतं तर दोन महिने वाचले असते. त्यानंतर कॉलनीतल्या आणि नात्यातल्या बऱ्याच जणांचे अर्ज शेजारी बसून भरले. बहुतेक ठिकाणी गाठ एकाच जागी पडलेली असते: आधार, लायसन्स आणि आत्ता भरतोय तो अर्ज, ही तिन्ही एकमेकांशी जुळत नाहीत. पोर्टल खराब आहे म्हणून अर्ज अडकतो असं फार थोड्या वेळा होतं.

आधारवरचा पत्ता आधी

लायसन्सची कामं होतात त्या 'सारथी' या सरकारी साईटवर राज्य महाराष्ट्र निवडलं, लायसन्सच्या सेवांमध्ये गेलं, नंबर आणि जन्मतारीख टाकली की 'चेंज ऑफ अ‍ॅड्रेस' हा पर्याय दिसतो. पुढे दोन वाटा फुटतात. एक आधारची, दुसरी आधाराशिवायची.

आधारच्या वाटेने गेलात तर आरटीओ कार्यालयात जावं लागत नाही. केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने मार्च २०२१ मध्ये १८ सेवा आधारवर घरबसल्या खुल्या केल्या, त्यात ही सेवा होती. सप्टेंबर २०२२ मध्ये असल्या सेवा ५८ झाल्या. सोय चांगली आहे, पण तिची एक अट लोकांच्या लक्षात येत नाही. या वाटेवर नवा पत्ता तुम्ही टाईप करत नाही, तो आधारमधून उचलला जातो आणि जसाच्या तसा अर्जात बसतो. आधारवर जुना पत्ता असेल तर अर्जातही जुनाच येणार.

माझं नेमकं हेच झालं. ओटीपी टाकला, पान उघडलं, नाव-फोटो बरोबर दिसला म्हणून खाली खाली सरकत गेलो आणि पैसे भरले. पत्त्याच्या रकान्यात शिरपूरचा पिनकोड, ४२५४०५, समोर लिहिलेला होता. मी तो वाचलाच नाही. म्हणजे शिरपूरचा पत्ता बदलून शिरपूरचाच पत्ता करा, असा अर्ज मी केला होता. नामंजूर झाला, आणि व्हायलाच हवा होता.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी आधार बदला. नवं ई-आधार डाऊनलोड करून त्यावर नवा पत्ता छापलेला डोळ्यांनी बघा. मगच सारथी उघडा. 'आधारचा अर्ज टाकलाय, होईल तोवर' असं म्हणून लायसन्सचा अर्ज पुढे दामटू नका.

आधारवरचा पत्ता बदलायला भाडेकरूंची खरी अडचण होते. वीजबिल घरमालकाच्या नावावर, पाणीपट्टी घरमालकाच्या नावावर, आणि भाडेकरार म्हणजे स्टँपपेपरवर चार ओळी लिहून नोटरीचा शिक्का मारलेला. माझा दुसरा अर्ज इथेच पडला. आधाराशिवायच्या वाटेने गेलो आणि घरमालकाच्या नावाचं वीजबिल जोडलं. त्या बिलावर माझं नावच नव्हतं, तर तो माझ्या पत्त्याचा पुरावा कसा होणार?

भाडेकरार नोंदवलेला हवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठराविक मुदतीसाठी घर भाड्याने देण्याचा, करार लेखी आणि नोंदणीकृत असणं बंधनकारक आहे, आणि तो नोंदवून घ्यायची जबाबदारी घरमालकाची आहे. आपल्याकडे धुळे-जळगावात घरमालक याला कचरतात. 'नोंदणी केली की भाडेकरू घर बळकावेल' अशी भीती असते. खरं तर नोंदलेल्या करारात मुदत स्पष्ट असते, त्यामुळे तो घरमालकाच्याच बाजूने उभा राहतो. हे शांतपणे समजावून सांगितलं की बरेच जण तयार होतात. नोंदणी ऑनलाईनही होते.

घरात चार-पाच जण असतील तर प्रत्येकाचा पुरावा वेगळा शोधत बसू नका. आधी कुटुंबप्रमुखाचं आधार बदला. बाकीच्यांसाठी जानेवारी २०२३ पासून कुटुंबप्रमुखाच्या संमतीने पत्ता बदलायची सोय आहे. बायको, मुलगा, आई-वडील, भाऊ-बहीण अर्ज करतात, नात्याचा पुरावा जोडतात, आणि प्रमुखाने त्याच्या आधारच्या लॉगिनमधून ३० दिवसांच्या आत मान्यता द्यायची असते. ही मान्यता द्यायचीच राहून जाते. वडिलांच्या फोनवर मेसेज येतो, ते शेतात असतात, मेसेज खाली जातो आणि महिना संपतो. अर्ज टाकला त्याच दिवशी त्यांच्याजवळ बसून मान्यता देऊन टाका.

"नंबर सापडत नाही" असं आलं तर

माझे एक नात्यातले जिभाऊ शिंदखेड्याचे, आता भुसावळला मुलाकडे राहतात. त्यांचा फोन आला, "मनं लायसन कम्प्युटरमा शेच नई म्हने. आते काय करो?" घाबरले होते. मी भुसावळला गेलो तेव्हा त्यांनी शर्टच्या खिशातून प्लास्टिकच्या पाकिटातलं लायसन्स काढलं. कडा पिवळ्या पडलेल्या, शिक्क्याची जांभळी शाई पसरलेली, आणि नंबर तिरक्या रेघांनी तोडलेला: एमएच-१८, मग रेघ, मग ०९, मग रेघ, मग चार आकडे. मुलाने तो जसा दिसतो तसा टाईप केला होता. तिरक्या रेघांसकट.

सारथीला तो साचा चालत नाही. तिथे राज्याची दोन अक्षरं, कार्यालयाचे दोन आकडे, वर्षाचे चार आकडे आणि पुढचा क्रमांक सात आकडी लागतो. जुन्या लायसन्सवर वर्ष दोन आकड्यांत असेल तर ते चार आकडी करायचं, ०९ असेल तर २००९. शेवटचा क्रमांक सात आकड्यांपेक्षा लहान असेल तर त्याच्या आधी शून्यं लावून सात भरायचे. समजा क्रमांक ४५६७ आहे, तर तो ०००४५६७ होतो. कार्यालयाच्या कोडनंतर एक जागा मोकळी सोडायची. म्हणजे टाईप करताना 'एमएच१८ २००९०००४५६७', एमएच अर्थात इंग्रजी अक्षरांत. मोकळी जागा धरून एकूण १६ खुणा होतात. बोट ठेवून मोजा. एक शून्य कमी पडलं तरी 'माहिती उपलब्ध नाही' असंच येतं, आणि माणसाला वाटतं आपलं लायसन्सच गायब झालं.

जिभाऊंचं लायसन्स तीन शून्यं लावल्यावर पहिल्याच फटक्यात निघालं. ते बराच वेळ स्क्रीनवरच्या स्वतःच्या तरुण फोटोकडे बघत बसले होते.

नंबर बरोबर टाकूनही नोंद निघत नसेल तर मात्र काम वेगळं आहे. जुनं, हाताने लिहिलेलं किंवा पुस्तकाच्या रूपातलं लायसन्स संगणकावर कधी चढलंच नसेल, तर ज्या कार्यालयाने ते दिलं त्यांनाच ती नोंद चढवावी लागते. तिथल्या खिडकीवर 'बॅकलॉग एंट्री' म्हणा, लगेच कळतं. मूळ लायसन्स सोबत न्या. ही नोंद झाल्याशिवाय पत्त्याचा अर्ज भरताच येत नाही.

इथे एक गैरसमज आपल्या भागात खूप आहे. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला धुळ्यापासून वेगळा झाला. त्यामुळे शहादा, तळोदा, नवापूरकडच्या जुन्या चालकांच्या लायसन्सवर अजून १८ आहे, तर नव्यांच्या लायसन्सवर ३९. पत्ता बदलला की नंबरही १८ चा ३९ होईल, किंवा जळगावला आलं की १९ होईल, असं लोक धरून चालतात आणि नव्या कार्डावर जुनाच नंबर बघून 'चूक झाली' म्हणून परत अर्ज करतात. चूक झालेली नसते. पत्ता बदलला तरी लायसन्सचा नंबर तोच राहतो. लायसन्स देशभर चालतं, त्यामुळे नंबरात कोणत्या जिल्ह्याचा कोड आहे याने काही बिघडत नाही.

नाव, गाव आणि पिनकोड

आधार आणि लायसन्सवरच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग जुळत नाही, हे दुसरं मोठं कारण. चौधरी आडनावच घ्या. आधारवर 'ए-यू' असतं, लायसन्सवर 'ओ-यू', शेवटी कुठे 'आय' तर कुठे 'वाय'. वडिलांचं नाव एकीकडे पूर्ण, दुसरीकडे फक्त आद्याक्षर. लग्न झालेल्या मुलींचं तर लायसन्स माहेरच्या नावाचं आणि आधार सासरच्या. अशा वेळी फक्त पत्त्याचा अर्ज टाकू नका. एकाच अर्जात अनेक सेवा निवडता येतात. नाव दुरुस्ती आणि पत्ताबदल दोन्हींवर खूण करा आणि विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्र जोडा.

गावाचा रकाना यादीतून निवडायचा असतो, आणि खान्देशात तो चुकतोच. मुक्ताईनगर जुन्या कागदांवर एदलाबाद आहे. धरणगाव पूर्वी एरंडोल तालुक्यात होतं, त्यामुळे तिकडच्या खेड्यांच्या जुन्या उताऱ्यांवर तालुका एरंडोल लिहिलेला सापडतो. धडगावचे लोक तालुक्यांच्या यादीत धडगाव शोधत राहतात, तर तालुक्याचं नाव अक्राणी आहे. आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव असं उतरत जा, आणि आधारवर आहे तेच नाव धरा.

पिनकोडवरून जिल्ह्याचा अंदाज बांधू नका. चाळीसगाव आणि पाचोरा जळगाव जिल्ह्यात, पण त्यांचे पिन ४२४ ने सुरू होतात, धुळ्यासारखे. शिरपूर धुळे जिल्ह्यात, आणि पिन ४२५ चा. सेवा केंद्रावरचा नवखा मुलगा पिन बघून जिल्हा 'दुरुस्त' करतो, हे मी दोनदा पाहिलं आहे.

सुरतहून परत आलेल्यांसाठी

खान्देशातलं असं गाव नसेल जिथलं एखादं घर उधना-लिंबायतला नाही. तिथे दहा-पंधरा वर्षं काढून लोक गावी परततात, आणि लायसन्स असतं जीजे-०५ चं, सुरतचं. त्यांचा पहिला प्रश्न हाच: साईटवर राज्य कोणतं निवडायचं? आता राहता ते. लायसन्स गुजरातचं आहे म्हणून गुजरात निवडलं तर खान्देशातला पत्ता बसवायचा कुठे? महाराष्ट्र निवडा आणि नव्या पत्त्याच्या जिल्ह्याचं कार्यालय घ्या. सुरतच्या कार्यालयाची ना-हरकत मागितली गेली तर तो अर्जही सारथीवरूनच होतो, आणि तो मात्र गुजरात राज्य निवडून करायचा.

पैसे कापले, पावती नाही

पत्ताबदलाची केंद्राची फी २०० रुपये आहे. स्मार्ट कार्डाचे आणि टपालाचे पैसे वेगळे लागतात. रेंज गेली, पान अडकलं, बँकेतून पैसे गेले आणि अर्जात 'फी बाकी' दिसतंय, असं झालं तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. फीच्या मेनूत 'व्हेरिफाय पे स्टेटस' आहे. तिथे अर्ज क्रमांक आणि जन्मतारीख टाकली की अडकलेला व्यवहार बहुतेक वेळा सुटतो. एक दिवस थांबून पुन्हा बघा. कागद अपलोड होत नसतील तर आकार तपासा, मोबाईलच्या कॅमेऱ्याचा फोटो तीन-चार एमबीचा असतो आणि तिथे ५०० केबीच्या वरचा कागद चढत नाही.

अर्जाची स्थिती अर्ज क्रमांकावरून साईटवरच बघा. 'तुमचं लायसन्स रद्द होणार, हे अ‍ॅप डाऊनलोड करा' असा मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर आला तर तो उघडू नका. खऱ्या साईटच्या पत्त्याचा शेवट 'गव्ह डॉट इन' असा असतो. आणि ओटीपी कुणालाही फोनवर सांगू नका, ओळखीचा एजंट असला तरी.

मंजूर झालं, पण कार्ड येईना

राज्यातली स्मार्ट कार्डं आता जिल्ह्याच्या कार्यालयात छापली जात नाहीत. २०२३ पासून मुंबई, पुणे आणि नागपूर या तीन ठिकाणी छापून ती टपालाने घरी येतात. त्यामुळे खिडकीवर 'माझं कार्ड द्या' म्हणून भांडण्यात अर्थ नाही, कार्ड तिथे नसतंच.

आपल्या नव्या वस्त्यांमध्ये कार्ड परत जाण्याचं कारण पत्त्यातच असतं. जळगावात पिंप्राळा, निमखेडी शिवार, धुळ्यात देवपूरच्या पुढे, सगळीकडे शेतजमिनींवर कॉलन्या उठल्या आहेत. पत्ता लिहिला जातो 'गट नंबर अमुक, प्लॉट नंबर तमुक'. सातबारासाठी तो बरोबर आहे, पण पोस्टमनला त्यावरून घर सापडत नाही, कारण एका गटात तीन-तीन कॉलन्या असतात आणि प्रत्येकीत प्लॉट नंबर १२ असतो. आधार बदलतानाच पत्त्यात कॉलनीचं नाव आणि जवळची खूण, मंदिर, शाळा, पाण्याची टाकी, जे असेल ते घाला. पुढे तोच पत्ता लायसन्सवर उतरणार आहे. माझ्या पत्त्यात आता हनुमान मंदिरामागे असं आहे आणि टपाल चुकत नाही.

अर्ज मंजूर झाल्यावर आपल्या पोस्टात जाऊन पोस्टमनला एकदा भेटून या. कापूस वेचणीच्या दिवसांत घरची सगळी माणसं गावी गेलेली असतात, घराला कुलूप, आणि कार्ड परत. शेजारच्या अक्कांना सांगून ठेवलं तरी काम होतं.

कार्ड हातात यायच्या आत गाडी चालवायची चिंता नको. डिजिलॉकर किंवा एम-परिवहन या सरकारी अ‍ॅपमधलं लायसन्स नोव्हेंबर २०१८ च्या नियमदुरुस्तीपासून कायद्याने ग्राह्य आहे. फक्त डिजिलॉकरमध्ये जुनी प्रत साठलेली असते. ती काढून लायसन्स पुन्हा मागवा, म्हणजे नवा पत्ता दिसेल.

मुदत जवळ आली असेल तर

लायसन्सची मुदत वर्षभरात संपत असेल तर नुसता पत्ता बदलून पैसे घालवू नका. मुदत संपायच्या आधी एक वर्ष आणि नंतर एक वर्ष नूतनीकरण करता येतं. दोन्ही सेवा एकाच अर्जात घ्या, कार्डही एकच येईल. वय ४० च्या पुढे असेल तर नूतनीकरणाला डॉक्टरचा १-ए नमुन्यातला दाखला लागतो. जिभाऊंचं असंच झालं. त्यांची मुदत आठ महिन्यांवर आली होती, म्हणून आम्ही पत्त्याचा अर्ज अर्धवट सोडला, दाखला घेतला आणि दोन्ही एकत्र भरलं.

गाडीचं विसरू नका

लायसन्सचं काम झालं की लोक निश्चिंत होतात, आणि गाडीच्या आरसीवर, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावर, जुनाच पत्ता राहतो. कायद्याने घाई आहे ती खरं तर इथे: राहतं घर बदलल्यापासून ३० दिवसांच्या आत नवा पत्ता कळवायचा असतो, नमुना ३३ भरून. हे काम सारथीवर होत नाही, त्यासाठी 'वाहन' नावाची वेगळी सरकारी साईट आहे. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची किंवा फायनान्स कंपनीची संमती आधी घ्या, त्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. ती संमती मिळायलाच आठवडा-दोन आठवडे जातात, म्हणून आधारचा अर्ज टाकता त्याच दिवशी बँकेतही पत्र देऊन या.